साडूच्या भिंतीवरचं घड्याळ

...नाही, पण मला एक सांगा, गाडीला घड्याळ लागतं कशाला? चाकं लागतात, मान्य. ब्रेक लागतो, लागलाच पाहिजे. पण घड्याळ? आणि तेही असंतसं नाही, गाडी ज्या सालची त्याच सालचं! नसेल तर म्हणे गाडी अस्सल नाही, अस्सल नाही म्हणून दाखला नाही, आणि दाखला नाही तर महिनाअखेरीला क्रेन येणार आणि उचलून नेणार भंगारात, चिरडायला! जुन्या गाड्यांसाठी नवा नियम निघालाय. तुम्हाला सांगतो, शेजाऱ्याची गाडी नेली तेव्हा मी दारातच उभा होतो. पुढची चाकं हवेत, मागची रस्त्यावर घासत चाललीत, नको नको म्हणत... त्या दिवशी मला घास उतरला नाही.

माझी गाडी म्हणजे सासऱ्यांची गाडी. सगळं जागच्या जागी. फक्त समोरच्या पत्र्यात एक गोल भोक, घड्याळाचं, त्यावर मी डब्याचं झाकण बसवलेलं, आणि एक चौकोनी, रेडिओचं, त्यात पुसायचं फडकं ठेवतो. तपासणीच्या बाईंनी फोनवर सांगितलं, "काका, रेडिओ आणि घड्याळ त्या काळचंच हवं, आणि चालू हवं." मी म्हटलं, "बाई, मी पण त्या काळचाच आहे, आणि चालू आहे, मी चालेन का?" हसल्या नाहीत हो! मी म्हटलं बरं, शोधू. मला काय, मी थांबतो. मला कुठं घाई होती... घाई क्रेनला होती.

भंगारबाजारात गेलो. पहिलाच ओरडला, "काका, हे घ्या, अंधारात चमकतं!" म्हटलं, बाबा, त्या काळी चमकत नव्हतं. "मग दिवसा बघा!" रेडिओवाला म्हणे, "ह्याला पेनड्राइव्ह लागतो, मोबाइल लागतो." म्हटलं, "आवाज लागतो का?" शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदारानं कुठूनसं एक घड्याळ काढलं, फुंकर मारली, माझ्या तळहातावर ठेवलं... हुबेहूब! घरी आणलं, भोकात घातलं, गच्च बसलं! मी आनंदात, आणि आमच्या गल्लीतला मेकॅनिक वाकून बघतो नि म्हणतो, "काका, हे पुढच्या सालचं. आकडे बघा, सोनेरी. तुमच्या सालचे पांढरे. बाई टॉर्च मारतील आणि पहिलं हेच बघतील." आता मला सांगा, एका वर्षात कंपनीला आकडे सोनेरी करायची काय अवदसा आठवली? पांढऱ्या आकड्यांत वेळ कळत नव्हती का कुणाला?

बरं, पांढऱ्या आकड्यांचं घड्याळ जगात कुठंच नसतं तर मी गप्प बसलो असतो. पण आहे ना! रेडिओ पण आहे! ह्याच गाडीचे आहेत! आणि कुठं? साडूच्या घरी!

साडू म्हणजे आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, नवरा. सासरे गेले तेव्हा गाडी माझ्याकडे आली, का, तर माझ्या दारात जागा होती. दुसरं काही कारण नाही. साडू म्हणाला, "थोरला जावई मी, आणि गाडी ह्याला? मग मला काय?" असं म्हणून खिशातनं स्क्रूड्रायव्हर काढला आणि दोन्ही वस्तू उपसून घेऊन गेला. आता दुखवट्याच्या घरी खिशात स्क्रूड्रायव्हर घेऊन कोण येतं हो? म्हणजे ठरवून आलेला! तेव्हापासून रेडिओ त्याच्या शोकेसमध्ये, वर प्लास्टिकची फुलं, आणि घड्याळ भिंतीवर. रोज चावी देतो. वेळ बघत नाही, चावी देतो!

गेलो. म्हटलं, "भाऊ, तपासणीपुरतं द्या."

"देणार नाही."

मी म्हटलं बरं, आणि बसून राहिलो.

"ऐकलंस ना? देणार नाही!"

"ऐकलं."

"मग उठत का नाहीस?"

"मला काय, मी थांबतो."

त्यानं टीव्ही लावला, बंद केला. जेवला. आत जाऊन झोपून आला. "अजून इथंच? गाडी नेलीस तेव्हा मी एक शब्द तरी बोललो का?" मी म्हटलं, "बोललात की. तोच अजून संपायचाय." इथं चुकलं माझं. असा भडकला म्हणता! "येऊ दे क्रेन! मी बघायला येईन, खुर्ची घेऊन येईन!" आणि दारात अक्का, हातात चहाचे कप. सगळं ऐकलेलं. कप घेऊन तशीच आत गेली.

तपासणीचा दिवस उजाडला. भोकं तशीच. मी आपला बॉनेट पुसतोय. आमची ही म्हणते, "अहो, किती पुसाल? आरपार दिसायला लागेल." आणि स्वतः पदरानं आरसा पुसायला लागली. तेवढ्यात रिक्षा थांबली. आधी अक्का उतरली, टॉवेलात गुंडाळलेलं घड्याळ छातीशी धरून. मागनं साडू, रेडिओ कडेवर, तोंड एवढंसं. अक्कानं त्याला सांगितलं होतं, "बाबांची गाडी चिरडताना बघायला जाताय ना? मग मी त्या गाडीतच बसते, मलाही बघा."

"तपासणीपुरतं हं!" साडू म्हणाला. "बाईंची पाठ वळली की काढणार!" स्क्रूड्रायव्हर हातातच.

मेकॅनिक आत घुसला, वायरी जोडल्या, शेवटचा स्क्रू फिरतोय आणि बाई हजर! दोघी बहिणी मागच्या सीटवर जाऊन बसलेल्या. टॉर्च मारला. "आकडे पांढरे. चालू आहे. ठीक." मी श्वास सोडला. "रेडिओ लावा." मी बटण फिरवलं...

काही नाही.

खर्र नाही, खुट्ट नाही. बाई बघतायत माझ्याकडे, मी रेडिओकडे, आणि साडू खिडकीतनं, "मारला! माझा रेडिओ मारला ह्यानं! शोकेसमध्ये चांगला ठणठणीत होता!" ठणठणीत? फुलं ठेवली होती त्यावर! बाईंनी पेनाचं टोपण काढलं. मला समोर क्रेन दिसायला लागली, ती दोन चाकं हवेत... आणि खोटं कशाला बोलू, मी, जन्मभर सगळ्यांसाठी थांबणारा मी, रेडिओला थापड मारायला हात उचलला!

"अहो, थांबा!" मागनं आमची ही ओरडली. "बाबांचा रेडिओ आधी गरम व्हायचा, मग बोलायचा!"

अक्का म्हणाली, "दिवा पिवळा झाला की गप्प बसायचं, असं सांगायचे बाबा."

आणि दोघी, केस पांढरे झालेल्या, हात मांडीवर ठेवून गप्प बसल्या. बघतो तर दिवा खरंच पिवळा. मग बारीक गुणगुण. मग खरखर. आणि लांबून कुणीतरी बाई सांगतेय, उद्या थंडी वाढणार! तुम्हाला सांगतो, थंडी वाढणार ऐकून चार माणसं एकदम रडलेली तुम्ही बघितली नसतील. साडू धरून चार.

बाईंनी सही केली. साडूनं डोळे पुसले आणि लगेच स्क्रूड्रायव्हर घेऊन आत वाकला.

"काय करताय?" बाईंनी विचारलं.

"माझ्या वस्तू काढतोय."

"आता नाही." बाईंनी एकेका स्क्रूवर शिशाचं सील दाबलं. "एक जरी निघालं तरी दाखला रद्द."

साडूनं सीलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुढचं दार उघडलं आणि आत बसला. "माझ्या वस्तू जिथं, तिथं मी."

मला वाटलं, उठेल संध्याकाळपर्यंत. मला काय, मी थांबतो. पण कसला उठतोय! आता रोज सकाळी येतो, घड्याळाला चावी देतो, पुढच्या सीटवर बसतो आणि सुरू, "गियर हळू टाक! सासरे असं चालवायचे का? उजवीकडे घे! मी थोरला जावई!" गाडी वाचली, मी नाही म्हणत नाही. अगदी अस्सल. रेडिओ, घड्याळ, साडू, सगळे आत पक्के बसलेत. त्यातल्या त्यात समाधान एवढंच, की रेडिओला तरी बंद करायचं बटण आहे.