बाबांचं नाक

भिंगरी : बाबा, तुमचं नाक सापडत नाहीये.

बाबा : आहे अजून जागेवर. उद्या दुपारनंतर शोध.

भिंगरी : असले विनोद नकोत हं! फोटोतलं म्हणतेय मी. डॉक्टरबाई म्हणाल्या ना, ऑपरेशनला येताना जुने फोटो आणा, नाकावरचं ते कसं वाढत गेलं बघू. स्टुडिओचा अख्खा कॉम्प्युटर उपसला मी. आईचा चष्मा बदललेला दिसतो, माझे दात पडलेले दिसतात, परत आलेले दिसतात. तुमचं नाक मात्र सगळीकडं गुळगुळीत, जसं काही कालच विकत आणलंय!

बाबा : कॅमेरा जुना होता गं.

भिंगरी : थापा! त्याच कॅमेऱ्यात आत्याच्या हनुवटीवरचा केस न् केस दिसतोय.

बाबा : आत्याला बोलू नकोस.

भिंगरी : बाबा... तुम्ही पुसलंत?

बाबा : सवय गं. गिऱ्हाईक उठून गेलं की मी त्याच्या चेहऱ्यावर बसतो. पुटकुळी काढ, वांग काढ, डोळ्याखालचं काळं काढ. हात आपोआप चालतो. घरचे फोटो उघडले की माझंही काढायचो. आधी टाचणीच्या डोक्याएवढं होतं.

भिंगरी : आणि मग?

बाबा : मग शर्टाच्या बटणाएवढं. ब्रश जरा मोठा घ्यावा लागायचा, एवढंच.

भिंगरी : एवढंच?

बाबा : ओरडू नकोस, दुकानाचं शटर अर्धं उघडं आहे.

भिंगरी : मूळ फोटो तरी ठेवलेत का?

बाबा : त्यावरच सेव्ह करायचो. डाग साठवून काय करायचे?

भिंगरी : रोज समोरासमोर जेवतो आपण, तरी आम्हाला कळलं नाही. रोजचं माणूस कुठं नीट बघतो आपण? तुम्ही म्हणालात पुटकुळी फुटली, आम्ही म्हटलं बरं. पण फोटोत दिसलं असतं, बाबा. मला दिसलं असतं.

बाबा : असतं.

भिंगरी : मग?

बाबा : मग काही नाही. मी म्हणत होतो, उद्याचं जरा पुढं ढकलू. परीक्षेच्या फोटोंसाठी पोरं यायला लागतील...

भिंगरी : नाही.

बाबा : ऐकून तर घे.

भिंगरी : नाही म्हणजे नाही! हा कॅन्सर अंगभर धावत सुटणारा नाही, पण बसून राहिलात तर डोळ्यापर्यंत खात जाईल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. डोळ्यापर्यंत! मग पाटीवर काय लिहायचं, एका डोळ्याचा फोटोग्राफर?

बाबा : फोटोग्राफरला एकच लागतो.

भिंगरी : हसवू नका. मला रडू येईल.

बाबा : नाकाची एक बाजू काढणार. कपाळाची कातडी वळवून तिथं लावणार. काही आठवडे कपाळापासून नाकापर्यंत तो पट्टा तसाच राहणार. बसल्या जागी मी मनातल्या मनात तोच चेहरा दुरुस्त करत असतो. इथून उजेड टाकू, तिथून झाकू. जमतच नाही गं. लोक माझ्याकडं बघून म्हणतात, जरा बरं दिसू द्या हं. आता कुठल्या तोंडानं हो म्हणू त्यांना?

भिंगरी : मी तरी काय केलं? वर्गात सगळ्यांना सांगितलं, बाबांचं छोटंसं ऑपरेशन आहे, छोटंसंच. कशी फाडफाड बोलले! आणि मधल्या सुट्टीत नळाखाली तोंड धरून उभी राहिले, रडतेय ते कळू नये म्हणून.

बाबा : आईला सांगितलंस?

भिंगरी : आई तिकडं तुमची पिशवी भरतेय, उपसतेय, परत भरतेय. तिला काय सांगू?

बाबा : माझ्यावरच गेलीस की तू. लपवालपवीत.

भिंगरी : नाही जायचं मला त्यात तुमच्यावर.

बाबा : नकोच जाऊस. ...जुने फोटो तर गेले. आजचा एक देऊ डॉक्टरबाईंना. तो दिवा ओढ.

भिंगरी : समोर ठेवू?

बाबा : समोरून सगळं सपाट होतं, म्हणून तर मी तिथं ठेवतो. बाजूला ने. अजून. आता खाली घे.

(बाबांनी नाकावरची पट्टी हळूच सोडवली, खिशात घातली आणि आयुष्यात पहिल्यांदाच गिऱ्हाइकाच्या स्टुलावर गिऱ्हाइकासारखे अवघडून बसले.)

भिंगरी : बाबा, सावली पडतेय. खड्डा दिसतोय. कडेचं रक्तसुद्धा.

बाबा : मग बरोबर आहे.

भिंगरी : हनुवटी जरा वर. उद्या जाणार ना?

बाबा : जाईन.

भिंगरी : नक्की?

बाबा : भीती वाटतेय गं. पण जाईन.

भिंगरी : थांबा, डोळ्यांतून पाणी येतंय तुमच्या. पुसून घ्या, मग काढते.

बाबा : राहू दे. काढ.