तिसऱ्या ओळीचं थेट प्रक्षेपण

जावेद – मॅडम, खेळ लाइव्ह दाखवायला मोबाइलवालं सॉफ्टवेअर सोपं आहे, पण त्यात गेमचा आवाज आणि माइक एकत्र मिसळून जातो. दुसरं फुकट आहे, पण पडद्यावर स्वतःचा शिक्का मारतं.

सारिका – दुसऱ्याच्या कामावर आपला शिक्का? त्या विद्येत आमचे देशमाने सर पारंगत आहेत. आणखी एकाची गरज नाही. तिसरं?

(कामशेत. जावेदच्या कॉम्प्युटर-दुकानाची मागची खोली, दुपार. पडद्यावर शिवकाळातल्या हेरांचा व्हिडिओ गेम. डॉ. सारिका पडद्यासमोर, अंबूबाई खाली, रिक्षातून आणलेल्या जात्यापाशी.)

जावेद – ओबीएस. फुकट आणि बिनशिक्क्याचं. शिकायला जरा किचकट, पण गेमचा आवाज वेगळा, मावशींचा वेगळा. हवा तो कमी-जास्त करता येतो.

सारिका – तेच घ्या. दोन्ही आवाज शेजारी ठेवून ऐकवायचे आहेत.

जावेद – पण लाइव्हच कशाला? रेकॉर्ड करून, नीट कापून टाकू की.

सारिका – कापलेलं दिसलं की सर म्हणतील, पुरावा भ्रष्ट आहे. निबंध लिहिला असता. पण संशोधनपत्रिकांच्या संपादक मंडळांवर सरांचेच शिष्य बसले आहेत. तुमच्या गेमिंगच्या चॅनेलवर सुदैवाने एकही विद्वान नाही.

जावेद – हे कौतुक समजतो मी.

अंबूबाई – आगं पन सारिका, त्या खेळात मी हाय कुटं?

सारिका – जावेद, गडाच्या उतारावर न्या. मशालवाला हेर दिसला की थांबा. ऐका, अंबूबाई.

जावेद – लागलं गाणं. 'गडाच्या उतारावं दिवा कुनाचा हालतो, सोपान माजा बंधू वाट अंधारी चालतो.' आता परत तेच. दोनच ओळी फिरतात.

अंबूबाई – आगं बया! ह्यो तर माजा गळा! तू कान्हे गावात माज्या पडवीत बसून भरून नेलीती ती ओवी.

सारिका – आणि सर पीएच.डी.ला माझे मार्गदर्शक, म्हणून विश्वासाने त्यांच्या हाती दिली. जावेद, खेळाच्या शेवटी नावं येतात ती वाचा.

जावेद – 'शिवकालीन पारंपरिक ओवी. शोध व संकलन : डॉ. देशमाने.'

अंबूबाई – पारंपरिक म्हंजी?

सारिका – म्हणजे गाणारी बाई केव्हाच मेली, आणि तिला नाव नव्हतं.

अंबूबाई – मुडदा बशिवला त्याचा! मी हितं जितीजागती बसलेय! आन् शिवकाळ कसला? माजा भाऊ सोपान नवलाख उंबरे गावच्या कारखान्यात लागला तवा रचली मी ती. तिसरी ओळ कुटं गेली?

सारिका – ती सरांनी 'प्रक्षिप्त' ठरवली. म्हणजे मागाहून कुणीतरी घुसडलेली. ती कापली आणि उरलेल्या दोन ओळींवर मावळातल्या हेरखात्याचा सिद्धान्त उभारला.

जावेद – आवाज तपासू. मावशी, फिरवा जातं… मॅडम, घरघर पलीकडे जातच नाहीये. गोंगाट गाळायचा फिल्टर चालू राहिला; त्याला जातं पंख्यासारखं वाटतंय.

सारिका – यंत्रसुद्धा सरांच्या हाताखाली शिकलं की काय? बंद करा तो.

अंबूबाई – व्हय बाबा. जात्याबिगर माजी ओवी बसायची न्हाई.

जावेद – केला बंद. लाइव्ह गेलो. लोक यायला लागलेत. बोला.

सारिका – नमस्कार. या खेळातली ओवी आपण सर्वांनी ऐकली आहे. जिचा हा आवाज, ती कान्ह्याची अंबूबाई इथे बसली आहे. ओवी आता ती पुरी करील.

अंबूबाई – गडाच्या उतारावं दिवा कुनाचा हालतो, सोपान माजा बंधू वाट अंधारी चालतो, नवलाख उंबऱ्याच्या कंपनीची पाळी गाठतो.

जावेद – चॅट पेटलंय, मॅडम! 'हेर फर्स्ट शिफ्टला चाललाय' म्हणतायत. एक जण विचारतोय, मावळ्यांना कंपनीची बस होती का?

सारिका – शंका रास्त आहे. सरांकडे पाठवा.

जावेद – पाठवायला नको. आलेत ते. स्वतःच्या नावाने. 'सारिका, हे ताबडतोब थांबव. आपण घरी बसून बोलू.'

अंबूबाई – हाकलून दे त्याला!

जावेद – ब्लॉक करू, मॅडम?

सारिका – छे. याच शोधासाठी त्यांचा सत्कार झाला, तेव्हा मी पहिल्या रांगेत शेवटपर्यंत बसले होते. बसू द्या त्यांना. अंबूबाई, पुन्हा म्हणा.