पेगी इथं नाही

नाही गं, पेगी नावाचं इथं कुणीच पुरलेलं नाही. तीन फेऱ्या मारल्यास, बूट चिंब झाले गवतानं, सापडली का? नाही सापडायची. बस या बाकावर, दम खा. लीड्सहून आलीस, एवढी फुलं घेऊन? — आणि कुठली पेगी म्हणालीस, गिरणीच्या कोपऱ्यावर मासे-चिप्स विकायची ती? लहानपणी तुला कागदाच्या पुडीत तळणीतला कुरकुरीत चुरा फुकट द्यायची — हो हो, सगळ्या पोरांना द्यायची, दुकान काय तिच्या बापाचं होतं! — होतं म्हणा. आमच्याच बापाचं. मी तिची बहीण. थोरली. विनिफ्रेड.

बघ, ओळखलं नाहीस ना? कुणीच ओळखत नाही. मग तो भिंतीलगतचा काळा दगड तरी कसा ओळखशील, तीनदा त्याच्यावरून गेलीस — काय लिहिलंय? मार्गारेट ॲन हॉलरॉइड. तीच ती. अगं, मार्गारेटचीच पेगी होते आमच्यात — मार्गारेटची मेग, मेगची पेग, पेगची पेगी. कसं ते मला विचारू नकोस, लाडाला कुठं डोकं असतं! तुम्हा आजकालच्या पोरींना ते ठाऊक नाही, आडनाव तर तिचं कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून येता, भटकता, फुलं घेऊन परत जाता. मी बघते की इथून. चहा पीत बघते.

पाद्रीबुवांना काही बोलू नकोस, त्यांचा काय दोष. चर्चच्या आवारात दगडावर लाडाचं नाव चालत नाही, बाप्तिस्म्याचंच टाकायचं, असा नियम आहे. ते बिचारे मऊ माणूस — म्हणाले, खाली बारीक अक्षरात टाकू, कोण बघायला येतंय? तिचा नवरा विल्फ तर डोळे पुसत ‘पेगी हवं, पेगीच हवं’ करत बसलेला. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. बारीक नाही, मोठं नाही, कोपऱ्यातसुद्धा नाही. टाकलंत तर बिशपसाहेबांना कळवीन. शेवटी मार्गारेटच कोरलं. — काय? दुष्ट? म्हण ना, तोंडावर म्हण, मला सवय आहे.

तुला काय माहीत! गावातली प्रत्येक विनिफ्रेड विनी होते, मी मेली विनिफ्रेडच राहिले. आई हाक मारायची तीसुद्धा शाळेतल्या बाईंसारखी — विनिफ्रेड, कोळसा आण, विनिफ्रेड, पाय पूस. आणि शेवटी तिचं सगळं केलं कुणी? हगणं-मुतणं काढलं कुणी? मी. पेगी यायची रविवारी, आल्याचा केक घेऊन, जरा वेळ हसायची-खिदळायची, आई नुसती फुलून जायची, की निघाली बाई. पुढं आईची नजर गेली, डोकंही ठिकाणावर राहिलं नाही. एकदा तिचे केस विंचरत होते मी, तर माझा हात धरून म्हणाली, ‘पेग, माझी राणी ती, आलीस?’ — आणि मी ओ दिली. हो, दिली! का देऊ नये? त्याच हातांनी तिला भरवत होते ना? अख्खा हिवाळा त्या खोलीत मी पेग होते. गालावरून हात फिरवायची माझ्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी. मरताना तिनं हाक मारली ती पेगलाच, आणि उशाशी होते मी. पेगी नाही. मी. तिला काय कमी होतं? सगळं गाव तिला त्या नावानं हाका मारायचं. मला एकीनंच मारली. मग ते दगडावर कोरून तिच्याबरोबर कायमचं पुरायला मी का देऊ? माझंही आहे ते —

हे मी कुणाजवळ बोलले नव्हते. तू कशाला बोलायला लावलंस? आणि रडतेस काय, डोळे पूस आधी. ऊठ. तुझी बस जाईल. ठेव फुलं त्या दगडापाशी, आणि तशीच मागच्या फाटकानं बाहेर पड. पण तिथं उभी राहून ‘पेगी, पेगी’ करू नकोस. मला ऐकू येतं इथं. चुकून ओ देऊन बसेन मी.

जा.