दुमडीतलं कुंकू

मी मूळची कणकवलीकडची. शाळा तिथलीच, मराठी माध्यमाची. बारावीनंतर बाबांना कांदिवलीत नोकरी लागली आणि आम्ही चारकोपला आलो. आई साड्यांना फॉल लावायची, हातानं, तिचा टाका वरून शोधूनही सापडायचा नाही, आणि त्याच फॉलवर माझं फॅशन डिझाइनचं शिक्षण झालं, आमच्या घरातली पहिली पदवी, हे मी कुणालाही सांगते, लाज कसली त्यात.

पुढे इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये छोटा गाळा भाड्यानं घेतला. मी आणि कटिंगचे रफीक मास्तर, एवढेच. पार्टीत घालायचे लांब गाउन शिवायचो, गिऱ्हाईक सगळं ओळखीतलं. मग अंधेरीच्या एका हॉटेलातल्या शोमध्ये नवी डिझायनर म्हणून मला जागा मिळाली. सहा गाउन, चारच्या ठोक्याला तिथे हवेत, एक जरी कमी पडला तर नाव कापणार, असं त्यांनी दोनदा फोन करून बजावलं होतं.

त्या दिवशी आईला मीच गाळ्यावर बोलावलं, म्हटलं बघून जा. काय सांगू तुम्हाला, शेवटचा गाउन मोतिया सॅटिनचा, इस्त्री करून टांगला आणि कव्हर आणायला आत गेले, परत येते तर पुढच्या घेरावर, खाली, लालभडक बोट उमटलेलं. आमच्यात नव्या कपड्याला कुंकू लावल्याशिवाय घराबाहेर काढत नाहीत. आई आतल्या कडेलाच लावायला गेली होती, पण सॅटिन निसरडं, हातातून सुटलं. मी ओरडले, आई, वाट लावलीस गं तू माझी. मास्तरांसमोर ओरडले. ती एवढंच म्हणाली, नवा कापड, कोराच कसा धाडतलंस?

मी पाण्याची बाटली उचलली, तर मास्तरांनी हात धरला. मॅडम, पानी मत लगाना, फैलेगा. दो इंच ऊपर मोडो, दाग अंदर जाएगा. पण मशीन मारली तर सॅटिनला चुण्या पडतात, हातानंच टाके घालायला हवेत, आणि घड्याळात दोन वाजून गेलेले. मी सुई ओवायला घेतली तर दोरा दोनदा नाकातून निसटला. आईनं माझ्या हातातून सुई काढून घेतली.

अर्धा घेर गाळ्यात झाला. मास्तर पाच गाउन घेऊन पुढे गेले. उरलेला घेर आईनं रिक्षात शिवला, मांडीवर पांढरी चादर, लिंक रोडचे खड्डे, मी रिक्षावाल्याला सारखी म्हणतेय भैया धीरे, भैया जल्दी, तो म्हणाला मॅडम, एक कुछ तो बोलो. एकदा सुई बोटात गेली. आईनं बोट पदरात दाबलं, रक्त थांबल्याची खात्री केली, मगच पुन्हा कापडाला हात लावला. चाराला दहा मिनिटं असताना तिनं दातानं दोरा तोडला.

गाउन वेळेत पोचला, रॅम्पवर चालला. कुणाला काही दिसलं नाही. ज्या बाईंनी तो घेतला त्यांनाही माहीत नाही दुमडीत काय आहे. देवाच्या दयेनं आता कामं येतायत, गाळाही मोठा घेतलाय.

आता प्रत्येक गाउनला मी आत दोन इंच जास्त कापड सोडते, आईसाठी. ती लावते. पण पूर्वी कधी विचारत नव्हती. आता कुंकवाची डबी घेऊन दारातच थांबते आणि म्हणते, लावू गो? मी दर वेळी म्हणते, अगं लाव ना, विचारतेस काय. पुढच्या गाउनला ती पुन्हा विचारते.