पहिला आकडा

बायको : म्हणजे पाठ दुखते म्हणून खुर्चीत झोपतो, ही थापच होती तर. आडवं झालं की गुदमरतं, हे मला डॉक्टरांच्या तोंडून कळावं?

नवरा : पाठही दुखते.

बायको : आणि घोटे? मोजे काढले की वळ उमटतात पायावर.

नवरा : मोजेच घट्ट आहेत. तूच आणलेस.

बायको : सकाळी ते काय म्हणाले, ऐकलंत तरी का? की भिंतीकडे बघत बसला होतात?

नवरा : ऐकलं की. हृदय रक्त जोरात ढकलतंय म्हणाले. जन्मभर क्रेन चालवली... ढकलणारच.

बायको : सोयीचं तेवढं बरं ऐकलंत. ढकलतंय, पण सैल पडत नाही म्हणाले. वय झालं की सगळ्यांचंच थोडं ताठर होतं. तुमचं तर रक्ताच्या वाढलेल्या दाबाशी वर्षानुवर्षं झगडून जाडही झालंय. दोन ठोक्यांच्या मध्ये ते नीट उघडत नाही, रक्त मागे तुंबतं, छातीत पाणी साठतं. आजच दाखल व्हा म्हणाले, तर तुम्ही हट्टाने घरी आलात. निदान दाब मोजून कळवा, म्हणून मागे लागले बिचारे.

नवरा : माझ्या पाळीतले दोघं गेले होते त्या इस्पितळात. चालत गेले... परत नाही आले.

बायको : मला एक कळत नाही. वाढलेला दाब कुठला? दर आठवड्याला फोनवर कळवत होतो आपण. चांगला यायचा.

नवरा : यायचा, की आपण आणायचो?

बायको : असं काय बोलता?

नवरा : पहिला आकडा आला की तू म्हणायचीस, जिना चढून आलात, हा धरायचा नाही. दुसऱ्याला, मध्येच बोललात. चौथ्या-पाचव्याला जरा उतरला की...

बायको : तोच कळवायचे मी. पहिल्या आकड्याला तुमचा चेहरा पडायचा हो. मला बघवायचा नाही.

नवरा : मलाही तेच हवं होतं. वर खुशीत चहा मिळायचा.

बायको : म्हणजे गोळी वाढवायची वेळ आली, तेव्हा डॉक्टरांना कळलंच नाही. मीच कळू दिलं नाही. माझ्या हातांनी केलं मी हे.

नवरा : दंड माझा होता ना? मी कुठे नको म्हटलं? रडू नकोस. तू रडलीस की... श्वास पुरत नाही मला.

बायको : नाही रडत. हात पुढे करा.

(दंडाचा पट्टा फुगतो, हवा सुटते, यंत्र वाजतं.)

नवरा : किती?

(बायको यंत्रावरचा आकडा त्याच्यासमोर धरते.)

नवरा : आत्ताच खुर्चीतून उठलो होतो ना मी. हा धरायचा नाही. पुन्हा लाव.

बायको : नाही.

नवरा : एकदाच. डोळे मिटून बसतो. बोलत नाही काही.

बायको : अहो, मला तुम्ही हवे आहात. चांगला आकडा घेऊन मी एकटी काय करू या घरात?

नवरा : घाबरलोय गं मी.

बायको : मीसुद्धा. फोन द्या इकडे.

नवरा : काय सांगणार आहेस?

बायको : पहिलाच आकडा. तोवर चपला घाला. थांबा, वाकू नका. मी घालते.