सांध्याखालची ओळ

...आणि वर घरचे मलाच विचारतात, "ओळ तिथे का घातलीत?" अहो, मग कुठे घालणार होतो? जागा नव्हती हो! तुम्हाला सांगतो, बिस्किटाचं पाकीट ते केवढं, आणि त्यावर बिस्किटवाल्यांना काय काय हवं? हसणारं पोर हवं, दुधाची धार हवी, गव्हाची लोंबी हवी, आणि लाल चांदणीत भलंमोठं "नवीन!" हवं... नवीन काय? तर पाकीट! बिस्कीट तेच! बत्तीस वर्षं छापखान्यात पाकिटांची मांडणी करतोय, मला विचारा. सगळं बसवलं, हुश्श केलं, तर बिस्कीट कारखान्याचा माणूस म्हणतो, "एक ओळ राहिली. 'यात शेंगदाण्याचा अंश असू शकतो.'" म्हटलं, असू शकतो म्हणजे? आहे की नाही ते सांगा ना! तर म्हणे, "त्याच यंत्रावर शेंगदाण्याचीही बिस्किटं निघतात, आता दर वेळी यंत्राला काय आंघोळ घालायची?" आमचे मालक म्हणाले, "घाला हो कुठेतरी. पाकिटावर असली म्हणजे झालं."

घातली. पाकिटाच्या मागे दोन कडा एकमेकींवर चिकटवतात ना, तो सांधा, तिथे बोटभर पट्टी कोरी असते. चिकटवली की आत जाते. मला माहीत नव्हतं? अहो, नवीन माणूस आला की मीच बजावतो, सांध्याखाली काही छापायचं नाही! पण जागा नव्हती हो!

आता माझी नात. सहा वर्षांची. शेंगदाणा पोटात गेला की ओठ सुजतात, श्वास अडकतो. म्हणून आमची लेक प्रत्येक पाकीट परीक्षेला बसल्यासारखं वाचते. चार महिन्यांनी कारखान्याने नव्या पाकिटांचा खोका भेट पाठवला, मी मिरवत घरी नेला. लेकीने पुढून वाचलं, मागून वाचलं. "बाबा, शेंगदाणे नाहीत ना यात?" आणि मी... दीडशहाणा! म्हणतो, "अगं, मी मांडलंय! असते तर लिहिलं नसतं का?" तुम्ही म्हणाल, विसरलात कसे? महिन्याला साठ पाकिटं मांडतो हो, साबण, चहा, उंदराचं औषध... पण विसरलो. त्याला सबब नाही.

दोन बिस्किटं खाल्ली, तिसरं हातातच राहिलं. आवाज घोगरा... "आजोबा, घशात काहीतरी बसलंय." धावलो दवाखान्यात. डॉक्टरीणबाई इंजेक्शन टोचता टोचता ओरडतात, "काय खाल्लं? पाकीट आणा, पाकीट!" लेकीने पिशवीतून काढलं, बाईंनी आतलं बघायला टर्रकन सांधा उचकटला, आणि आतून माझी ओळ! काय सुबक बसली होती हो... एक अक्षर इकडचं तिकडे नाही. लेक कडाडली, "कोणत्या गाढवाने हे इथे छापलं?"

काय सांगू? म्हटलं, "त्या गाढवाचं आणि तुझं माहेरचं आडनाव एकच आहे."

कोणी हसलं नाही. पोरीचा श्वास मोकळा व्हायला तास लागला, आणि तो तासभर मी बाकावर ते पाकीट घेऊन बसलो. ती लाल चांदणी केवढी, माहितीये? तिच्यात अशा दहा ओळी मावल्या असत्या. दहा! आणि म्हणे जागा नव्हती...

दुसऱ्या दिवशी मालकांकडे गेलो. "ओळ पुढे घ्यायची." मालक म्हणाले, "लेखी तक्रार आलीय का?" म्हटलं, नाही, माझी नात आहे. "मग घरचंच प्रकरण आहे की! पुढच्या छपाईत बघू."

नात बरी आहे हो. वाचायला शिकली, तेही झपाट्याने. काल चॉकलेट दिलं. पुढून वाचलं, मागून वाचलं, सांधा सोडवून आतून वाचलं, एकेका अक्षराखाली बोट ठेवून. मग विचारते, "आजोबा, हे तुम्ही छापलंय?" म्हटलं, हो. तर तिने ते गुपचूप माझ्या हातात परत ठेवलं.

उभ्या जन्मात माझं काम इतकं मन लावून वाचणारं एकच माणूस भेटलं... आणि ते माझ्या हातचं खात नाही.