चौदा नंबरची कुपी

कोकिळाबाई : दोन वाजेपर्यंत? बाप्पा! म्हंजे दोन वाजेपर्यंत या घरात तेलात मोहरी पडाची नाई?

अपेक्षा : नाई आई. लसनाचा वास सुटला का मले काहीच कळत नाई. अगरबत्तीबी नको. अन् बाबा, तुमचा खर्रा?

पुंडलिकराव : बाहेर वट्यावर ठेवला. दोनदा चूळ भरली. आनखी काही हुकूम?

अपेक्षा : कपाळाले बाम लावला तुमी.

पुंडलिकराव : कालचा होय तो.

अपेक्षा : येते वास. तिकडं खिडकीजवळ बसा.

कोकिळाबाई : काय नोकरी हाय पोरीची! डोळ्याचं ऑपरेशन बापाचं, चार दिवस सेवा कराले आली म्हने, अन् संगं दारूचं खोकं.

अपेक्षा : मी कोठी आनलं? सुट्टी आधीच काढली होती, म्हून स्पर्धेवाल्यांनी कुरिअरनं अठीच पाठवलं. आज तीन वाजेपर्यंत मार्क पाठवाचे हायेत. अन् दारू नोको म्हनू, वाईन म्हन.

कोकिळाबाई : वाईन तं वाईन. कुरिअरवाल्या पोट्ट्यानं मले इचारलं, आजी, कोनाले खोकला झाला व? इतक्या कुप्या!

पुंडलिकराव : पंचवीस कुप्या, अन् एकावरबी नाव नाई. नुसते नंबर.

अपेक्षा : नाव ठेवतच नाई, बाबा. कोनाची वाईन हाय हे चाखनाऱ्याले कळू नये. तीन जन तीन गावी बसून चाखतात, शंभरपैकी मार्क देतात. तिघांची सरासरी पंच्याऐंशीच्या वर गेली का पदक.

पुंडलिकराव : आमचं कापूस खरेदी केंद्रावर उलटं होतं. बंडी समोर, बंडीवाला समोर, त्याचे बैल समोर. मांगं अडीचशे बंड्यांची लाईन. सारे तोंडाकडं पाहून राह्यले, अन् आपन ग्रेड सांगाची. सुपर का फेअर. फेअरले भाव कमी.

अपेक्षा : आता जराक चूप बसा. बारा नंबर. ही पांढरी हाय.

पुंडलिकराव : पांढरी कोठी हाय? पिवळी हाय. या नव्या डोळ्यानं साफ दिसते मले.

अपेक्षा : पांढरीच म्हनतात तिले. आता वास... कच्च्या पेरूचा. पाहा तुमी.

पुंडलिकराव : पेरू? मले तं संत्र्याच्या सालीवानी येते.

अपेक्षा : थांबा. हो, तेबी हाय. लिहिते.

पुंडलिकराव : लिही, लिही. रिटायर झाल्यावर पहिल्यांदा कोनी माहं लिहून घेतलं.

अपेक्षा : आता तोंडात घ्याची, साऱ्या जिभेवरून फिरवाची. मंग थुंकाची. थुंकल्यावर चव किती वेळ राह्यते ते मोजाचं. ही लवकर संपली. ब्याऐंशी.

कोकिळाबाई : बाप खर्रा थुंकते, पोरगी वाईन थुंकते. अन् तस्त घासाचं म्या.

पुंडलिकराव : अवो, काम होय ते. आमचंबी असंच होतं. पहिले लांबून रंग पाह्याचा. मंग बंडीत कोपरापर्यंत हात घालाचा. वरचा कापूस सारेच चांगला लावतात, आतला उपसून काढाचा. ओल पाह्याची, दोन अंगठ्यांत धागा ताणाचा. मंगच तोंड उघडाचं.

अपेक्षा : तेरा. लाल. लाकडाचा वास भल्ला मारते. मुरवताना पिंपाचं लाकूड वरचढ झालं. खाली फळ कमजोर हाय, ते झाकलं कोनी तरी.

पुंडलिकराव : वरचा थर.

अपेक्षा : हो, वरचा थर. तीनदा फिरवली तोंडात, आत काहीच नाई सापडलं. अठ्ठ्याहत्तर. थोडी भाकर द्या, जीभ साफ करते.

कोकिळाबाई : घे. बिनमिठाची केली तू सांगतली तशी. बैल खाईन नाई तिले.

अपेक्षा : चौदा. हीबी लाल...

पुंडलिकराव : काय झालं? वास नाई येत?

अपेक्षा : येते.

पुंडलिकराव : मंग?

अपेक्षा : काही नाई. एकोनऐंशी.

पुंडलिकराव : लिहिलंबी?

अपेक्षा : लिहिलं. पंधरा नंबर द्या.

पुंडलिकराव : तोंडात तं घेतलीच नाई तुनं.

अपेक्षा : वासावरून कळलं.

पुंडलिकराव : तेराच्या वक्ती तीनदा फिरवली. आन इकडं ती चौदा... हा वास मले माहीत हाय. कापसाची ओली पऱ्हाटी मोडली का असा येते.

अपेक्षा : हो.

पुंडलिकराव : वाईनीत पऱ्हाटी कोन टाकते?

अपेक्षा : पऱ्हाटी नाई बाबा. द्राक्षाच्या घडाचे देठ होय. सारे देठ काढून टाकतात. म्या पाह्यलेल्यात एकानंच ठेवले. ऐन हंगामात त्याची देठ काढाची मशीन बिघडली, तं म्हने राहू दे ताई, पाहू काय होते. दिवाळीत मले पिंपातून काढून चाखाले देल्ली होती.

पुंडलिकराव : कोनं?

अपेक्षा : अमरनं.

कोकिळाबाई : कोन अमर? आपला अमर? माह्या पोट्ट्याची वाईन हाय ही?

अपेक्षा : हो आई.

कोकिळाबाई : मले काही बोलला नाई तो फोनवर. परवाच बोलला माह्यासंगं, दही कसं लावाचं इचारलं.

अपेक्षा : मलेबी नाई बोलला. मी चाखून राह्यली हे त्याले माहीत नाई. त्यानं पाठवली हे मले माहीत नव्हतं.

कोकिळाबाई : अन् तुनं एकोनऐंशी देल्ले?

अपेक्षा : हो.

कोकिळाबाई : पदक तं पंच्याऐंशीले भेटते म्हनली न तू? त्यानं लागलेली नोकरी सोडली. स्वतःच्या नावाच्या सहाशे बाटल्या केल्या पहिल्यांदा. तूच नेलतं त्याले नाशिकले, बोट धरून. आता पदक नाई भेटलं तं?

अपेक्षा : तं मोठे हॉटेलवाले दारात उभं नाई करत. पुन्हा दुसऱ्याच्या कारखान्यात टाक्या धुवाव्या लागतीन त्याले.

कोकिळाबाई : मंग एकोनऐंशी काहून? भाऊ होय तुहा.

अपेक्षा : म्हूनच.

पुंडलिकराव : बरोबर केलं पोरीनं. बहीन हाय म्हून जास्त देल्ले, असं कोनी म्हनाले नाई पाह्यजे. म्या नाई का शामच्या बंडीले...

कोकिळाबाई : झालं सुरू.

पुंडलिकराव : त्र्यान्नव साल होतं. सख्खा भाऊ लाईनीत उभा. सुपर म्हनलं असतं तं साऱ्या केंद्रावर बोभाटा झाला असता, पुंडलिकनं भावाचं घर भरलं म्हून. म्या म्हनलं, फेअर. सायबानं सगळ्यांसमोर पाठ थोपटली माही.

अपेक्षा : अख्ख्या राळेगावले माहीत हाय, बाबा. मी शाळेत होती तं गुरुजी वर्गात सांगत, हिच्या बापानं सख्ख्या भावाले फेअर देल्लं.

कोकिळाबाई : अन् शामभाऊजीचं काय झालं ते नाई सांगत का गुरुजी?

पुंडलिकराव : त्यानं दुसऱ्या सालापासून कापूस आदिलाबादले नेला. केंद्राचं तोंड नाई पाह्यलं.

कोकिळाबाई : तुमचंबी नाई पाह्यलं. भिंतीले भिंत लागून हाय, अन् ऑपरेशन झालं तं बायकोले, शीलाले पाठवलं, स्वतः नाई आले.

अपेक्षा : बाबा, एक इचारू? धागा किती निघाला होता?

पुंडलिकराव : कोनता धागा?

अपेक्षा : काकाच्या कापसाचा. तांड्यावरच्या धरमसिंगच्या बंडीचा धागा तुमी आजबी बोटानं मोजून दाखवता. रुखमाबाईचा कापूस कसा रेशमावानी होता, तेबी सांगता. मी लहानपनापासून आयकून राह्यली. काकाच्या धाग्याचं कधीच नाई सांगतलं.



पुंडलिकराव : बैल वळखले म्या. लांबूनच. पवळ्याचं एक शिंग मोडकं होतं.

अपेक्षा : अन् मंग?

पुंडलिकराव : मंग काय. बंडीजवळून चालता चालता म्हनलं फेअर, अन् पुढच्या बंडीकडं गेलो.

अपेक्षा : हात नाई घातला?

पुंडलिकराव : नाई घातला. भेव वाटलं. सुपर निघाला असता तं काय केलं असतं म्या? सुपर म्हनाची हिंमत नव्हती. म्हून पाह्यलाच नाई. आज पहिल्यांदा सांगून राह्यलो कोनाले.

कोकिळाबाई : अन् लोक बत्तीस साल हार घालून राह्यले.

अपेक्षा : आना बाबा ती चौदा नंबर. तुमच्या हातातच हाय.

पुंडलिकराव : लिहून झालं न तुह्यं?

अपेक्षा : खोडते. आना.

पुंडलिकराव : घे.

अपेक्षा : रंग चांगला हाय. जांभळाच्या सालीवानी, काठाले फिक्का नाई. वासात देठ पहिले येते, मांगून फळ येते. आता चूप बसा दोघंबी.

कोकिळाबाई : कोन बोलून राह्यलं?

अपेक्षा : ...एकदा आनखी घेते.

पुंडलिकराव : ही तीनच्या वर झाली. पाचव्यांदा फिरवून राह्यली तू.

अपेक्षा : देठ जिभेले थोडा कडू लागते, तेवढी खोट हाय. बाकी सारं जागच्या जागी हाय. थुंकून किती वेळ झाला, अजून चव गेली नाई. सत्त्याऐंशी.

कोकिळाबाई : सत्त्याऐंशी! मंग लिही न बाई लवकर. मी मोहरी टाकते.

अपेक्षा : लिहिता नाई येत आई. वळखली म्या, एकोनऐंशीबी लिहाचे नव्हते. स्पर्धेवाल्यांना सांगाव लागते.

कोकिळाबाई : सांगतलं तं काय होते?

अपेक्षा : माहे मार्क बाद. अन् तिघांचे मार्क नसले तं वाईन स्पर्धेतून बाहेर. आज दुसरा चाखनारा भेटाचा नाई.

कोकिळाबाई : अन् चूप राह्यली तं? तुनं वाढवून थोडीच देल्ले? जेवढे होते तेवढेच देल्ले. याच्यात चोरी कोठी हाय?

अपेक्षा : चोरी नसन. पन कधी तरी त्याले कळीन का चौदा नंबर ताईपाशी होती. मंग तो साऱ्या जन्माचा त्या पदकाकडं पाहीन अन् म्हनीन, ताईनं देल्लं.

पुंडलिकराव : म्हनीन. म्हनीनच.

अपेक्षा : फोन द्या माहा. ...हॅलो, अंजू मॅडम? अपेक्षा बोलतेय, राळेगावहून. चौदा नंबरबद्दल सांगायचं होतं. ती कोणाची आहे ते मला कळलंय. हो, वासावरून. माझ्या घरातली आहे. ...नाही मॅडम, माझे मार्क धरू नका. ...दुसरं कोणी नाहीच का? ...बरं. ...हो, पुढच्या वर्षी. ...नाही, बाकीच्या अकरा पाठवते तीनच्या आत.

कोकिळाबाई : गेली?

अपेक्षा : गेली.

कोकिळाबाई : माह्या पोट्ट्यानं काय कराव आता?

अपेक्षा : मीच फोन करीन त्याले. रडू येऊन राह्यलं मले, आई, पन आता रडली तं नाक बंद होते, अन् अकरा कुप्या बाकी हायेत. त्याले साराच हिशोब सांगीन, देठ कोठी कडू लागला तेबी. पदक नाई तं सत्त्याऐंशी तं हाय त्याच्यापाशी.

पुंडलिकराव : एक सांग पोरी. सांगाचंच होतं, मार्क धराचेच नव्हते, तं पुन्हा कायले चाखली? तसाच फोन करून टाकाचा होता.

अपेक्षा : हात घालाचा होता, बाबा.

पुंडलिकराव : हं.

अपेक्षा : पंधरा नंबर द्या.

पुंडलिकराव : देतो. अवो...

कोकिळाबाई : काय?

पुंडलिकराव : त्या सालचा शामचा कापूस कसा होता?

कोकिळाबाई : आता इचारता? मले?

पुंडलिकराव : शीला बाळंतीन होती त्या साली. तू गेलती न वेचाले?

कोकिळाबाई : गेलती. अर्धा कापूस माह्याच हातचा होता. घरात वेचनारी होती, पन ग्रेडरनं कधी इचारलं नाई तिले.

पुंडलिकराव : सुपर होता न?

कोकिळाबाई : नाई. दिवाळीच्या पान्यात भिजला होता. पिवळा पडला, धागा तुटत होता. फेअरच होता.

पुंडलिकराव : म्हंजे म्या सांगतलं ते बरोबरच होतं?

कोकिळाबाई : बरोबर होतं. भाऊजीलेबी माहीत होतं फेअर हाय म्हून, निंघताना मले सांगूनच गेलते. फेअरसाठी नाई रुसले ते. वरचा कापूस बाजूले सारून, तुमी हात घालाची वाट पाहून राह्यलते.